घड्याळ सम्राटाचे, किल्ली घड्याळजीची

#धागा #इतिहास

१/ इ.स. १६०१ चा जानेवारी महिना. बीजिंगच्या राजवाड्यात दोन यांत्रिक घड्याळे पोहोचली. एक मोठे, लोखंडी, वजनांवर चालणारे. दुसरे लहान, सोन्याचा मुलामा दिलेले, स्प्रिंगवर चालणारे. मोठे घड्याळ काही वाजेना. मिंग सम्राट वानली याने ते आणणाऱ्या परदेशी माणसांना तातडीने बोलावणे धाडले. मात्तेओ रिची हा इटालियन पाद्री धर्मोपदेशासाठी चीनमध्ये आला होता; राजवाड्याच्या आवारात त्याचा प्रवेश झाला तो मात्र घड्याळजी म्हणून.

२/ राजदरबारांच्या इतिहासात घड्याळ बहुधा नवलाची वस्तू म्हणून येते. रत्नहार, तलवारी, चित्रे यांच्या यादीत एक नाव. परंतु रत्नहार देणारा निघून गेला तरी रत्नहार चमकत राहतो. घड्याळ दुसऱ्या दिवशी बंद पडते. हत्तीबरोबर माहूत यावा लागतो, तसा घड्याळाबरोबर घड्याळजी यावा लागतो. या धाग्यात आपण त्या माहुताचा माग काढणार आहोत, आणि तो माग एका टप्प्यावर थेट गोव्यात पोहोचतो.

३/ आधी यंत्र समजून घेऊ. युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस वजनांवर चालणारी घड्याळे दिसू लागतात. दोरीला टांगलेले वजन खाली येते आणि चाके फिरवते. ते सरसर खाली येऊ नये म्हणून एक यंत्रणा दातेरी चाकाला क्षणभर अडवते, क्षणभर सोडते. तिचे नाव एस्केपमेंट. टिकटिक हा तिचाच आवाज. वजनाला खाली उतरायला जागा लागते, म्हणून ही घड्याळे चर्चच्या आणि नगराच्या मनोऱ्यांत बसवली गेली.

४/ पंधराव्या शतकात वजनाच्या जागी गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग आली आणि घड्याळ मनोऱ्यातून उतरून राजाच्या मेजावर बसले. पण एक अडचण होती. पूर्ण आवळलेली स्प्रिंग जोराने ओढते, सैल होत जाते तसा जोर घटतो. उपाय म्हणून शंकूच्या आकाराचे एक रीळ वापरात आले. स्प्रिंगचा जोर घटत जातो तसा दोर रिळाच्या अधिकाधिक रुंद भागावरून ओढला जातो आणि हिशेब बराचसा सम राहतो. या रिळाला ‘फ्यूझी’ म्हणतात.

५/ पुढची पायरी अंगावर बाळगण्याच्या घड्याळाची. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरातल्या पीटर हेनलाइन या कुलूप बनवणाऱ्या कारागिराबद्दल त्याचा समकालीन योहानेस कॉख्लेउस याने १५१२ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की तो लोखंडाची लहान घड्याळे करतो आणि ती ४० तास चालतात. ‘खिशातल्या घड्याळाचा जनक’ ही पदवी हेनलाइनला नंतरच्या पिढ्यांनी बहाल केली. तशी घड्याळे करणारा तो एकटा नव्हता. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की या कलेचा उगम कुलूप करणाऱ्यांच्या व लोहारांच्या भट्टीत आहे.

६/ ही घड्याळे अचूक होती का? मुळीच नाही. लंबकाचे घड्याळ ह्यूगेन्सने १६५६ साली आणले. त्यापूर्वीची घड्याळे दिवसाला पाव तास सहज मागेपुढे होत आणि छायायंत्र पाहून ती पुन्हा लावावी लागत. मग राजांना त्यांचे एवढे आकर्षण का? कारण वेळ कळणे हा गौण लाभ होता. आकाशाची गती आपल्या दालनात, आपल्या आज्ञेत चालते आहे, हे दृश्य मोलाचे होते.

७/ ते दागिनाही होते. १५७२ च्या नववर्षाच्या नजराण्यांत लीस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली याने राणी एलिझाबेथला माणके व हिरे जडवलेले एक सोन्याचे कडे दिले. त्याच्या जोडात एक घड्याळ बसवलेले होते. मनगटी घड्याळाच्या इतिहासात या नोंदीचा हटकून उल्लेख होतो. कडे कोणी दिले आणि कोणी घातले हे नोंदीत आहे. ते कोणी घडवले, हे नाही.

८/ घड्याळजी आणि राजा यांच्या नात्याचे ठळक उदाहरण म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स. निम्म्या युरोपचे राज्य सोडून १५५७ मध्ये तो स्पेनमधील युस्ते येथील मठात राहायला गेला, तेव्हा त्याने सोबत नेलेल्या माणसांत हुआनेलो तुरियानो हा त्याचा घड्याळजीही होता. तुरियानोने त्याच्यासाठी ग्रहांच्या गती दाखवणारे घड्याळ घडवले होते. समकालीन वर्णनाप्रमाणे त्यात सुमारे १,८०० चाके होती. सिंहासन मागे राहिले, घड्याळजी सोबत आला.

९/ तुरियानोची अखेर मात्र सुखाची नव्हती. चार्ल्सच्या मृत्यूनंतर त्याने तोलेदो शहरात ताहो नदीचे पाणी उंच टेकडीवर चढवणारे यंत्र उभारले. पाणी किल्ल्यावर पोहोचले. कराराचे पैसे त्याच्या हाती पडले नाहीत. १५८५ मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत वारला. दरबाराला कारागिराची गरज असणे आणि दरबाराने कारागिराची कदर करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे हे पुन्हा दिसेल.

१०/ आता पूर्वेकडे. १५४७ च्या तहानंतर हाब्सबर्ग राजा फर्डिनांड हा ऑटोमन सुलतान सुलेमान याला दरसाल ३०,००० डुकाट देऊ लागला. या रकमेबरोबर ज्या भेटवस्तू इस्तंबूलला जात, त्यांत दक्षिण जर्मनीत घडलेली उंची घड्याळे असत, आणि ती मांडून चालू करण्यासाठी वकिलातीसोबत घड्याळजीही जात. व्हिएन्ना याला ‘मानाची भेट’ म्हणे, इस्तंबूल ‘खंडणी’.

११/ इस्तंबूलला यंत्रविद्येचे वावडे होते असे समजू नये. तकी अल्-दीन या विद्वानाने सोळाव्या शतकाच्या मध्यास यांत्रिक घड्याळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १५७७ मध्ये उभ्या राहिलेल्या तेथील वेधशाळेत घड्याळाचा उपयोग केला. पण सुलतानाच्या आज्ञेने १५८० मध्ये ती वेधशाळा पाडण्यात आली. ग्रंथ उरला, त्यातील विद्या हातांनी पुढे नेणारी कार्यशाळा उरली नाही.

१२/ हेच चीनमध्ये पाच शतके आधी घडले होते. उत्तर सोंग राजवटीची राजधानी काइफेंग. तेथे सू सोंग या मंत्र्याच्या देखरेखीखाली अकराव्या शतकाच्या अखेरीस पाण्यावर चालणारे एक प्रचंड घड्याळ उभारले गेले. सुमारे १२ मीटर उंचीचा मनोरा, वर आकाशाचे वेध घेणारे यंत्र, आत तारकांचा गोल, आणि घंटा व ढोल वाजवून प्रहर सांगणाऱ्या बाहुल्या. चीनमध्ये पंचांग ठरवणे हा सम्राटाचा अधिकार होता. काळ मोजणे ही राजसत्तेची खूण होती.

१३/ ११२७ मध्ये जुर्चेन सैन्याने काइफेंग जिंकले आणि घड्याळाचे भाग सुटे करून उत्तरेला नेले. दक्षिणेत आश्रय घेतलेल्या सोंग दरबाराने ते पुन्हा उभारण्याचा प्रयत्न केला, पण जमले नाही. सू सोंगचा सचित्र ग्रंथ आजही उपलब्ध आहे. तेव्हा उणीव होती ती जाणत्या कारागिरांची. म्हणून सोळाव्या शतकात पाद्री घड्याळे घेऊन आले, तेव्हा ज्या देशाचे एवढे मोठे घड्याळ होऊन गेले होते, त्याच देशाला ती अपूर्व वाटली.

१४/ आता रिचीकडे वळू. १५५२ मध्ये इटलीतील माचेराता येथे जन्म. रोममध्ये क्लावियस या नामांकित गणितज्ञाजवळ शिक्षण. सप्टेंबर १५७८ मध्ये तो गोव्याला उतरला. पुढची साडेतीन वर्षे त्याने गोवा आणि कोचीन येथे शिकण्या-शिकवण्यात घालवली. १५८२ मध्ये मकावकडे निघाला तेव्हा त्याच्या सामानात एक घड्याळ होते. ते जेझुइट संघाच्या भारतातील प्रमुखाने गोव्याहून दिले होते.

१५/ त्या घड्याळाने पहिले दार उघडले. दक्षिण चीनमधील झाओछिंग येथे राहणाऱ्या चेन रुई या प्रांताधिपतीला ते १५८२ च्या अखेरीस भेट म्हणून मिळाले आणि पाद्र्यांना तेथे राहण्याची अनुमती मिळाली. थोड्याच काळात चेन रुईचे पद गेले आणि पाद्र्यांना परतावे लागले. १५८३ मध्ये रिची व त्याचा सहकारी रुज्जेरी पुन्हा झाओछिंगला आले. या वेळी त्यांचा आश्रयदाता होता नगराचा अधिकारी वांग पान. त्यालाही घड्याळ हवे होते.

१६/ रुज्जेरी मकावला गेला. पण त्या दिवसांत तेथे पैशाची चणचण होती. घड्याळ विकत घेण्याइतकी रक्कम जमेना. मग मकावच्या पाद्र्यांनी एक युक्ती केली. घड्याळाऐवजी त्यांनी घड्याळ घडवणाराच पाठवला. रिचीने आपल्या वृत्तांतात त्याचे वर्णन केले आहे: गोवा प्रांतातला, वर्णाने सावळा, पोर्तुगीज ज्यांना ‘कानारी’ म्हणतात त्यांपैकी एक.

१७/ ‘कानारी’ म्हणजे कोण? हा शब्द ‘कन्नड’शी जोडलेला असला तरी पोर्तुगीज तो गोव्याच्या स्थानिक रहिवाशांसाठी सर्रास वापरत. मराठी वाचकांना परिचित असलेले फादर स्टीफन्स, ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते, रिचीनंतर वर्षभराने १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले, आणि त्याच्या शीर्षकात कोंकणीला ‘कानारी भाषा’ असेच म्हटले आहे. तेव्हा झाओछिंगला गेलेला हा घड्याळजी आपल्याच किनाऱ्यावरचा होता.

१८/ वांग पानने त्याच्या हाताखाली दोन चिनी कारागीर दिले आणि काम सुरू झाले. गोव्याचा माणूस, हाताशी दोन चिनी कारागीर, घडवायचे ते युरोपीय पद्धतीचे यंत्र. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या या तिघांच्या हातून घड्याळ पूर्ण झाले. चीनच्या भूमीवर घडलेल्या युरोपीय पद्धतीच्या अगदी पहिल्या घड्याळांत त्याची गणना करावी लागते. चीनला जाणारी घड्याळे केवळ युरोपातूनच गेली, हा समज एवढ्या एका नोंदीने ढळतो.

१९/ पुढची हकिगत तितकीच बोलकी आहे. वांग पानने घड्याळ मोठ्या हौसेने घरी नेले आणि काही महिन्यांनी परत पाठवले. कारण? त्याच्या घरात ते चालते ठेवणारे कोणी नव्हते. मग ते पाद्र्यांच्या निवासात मांडले गेले आणि त्यांना भेटायला येणाऱ्यांसाठी नवलाचा विषय झाले. एवढा अधिकारसंपन्न माणूस, पण घड्याळाची किल्ली त्याच्या हाती नुसती असून भागत नव्हते. ती फिरवण्याचे ज्ञान दुसऱ्याच्या हाती होते.

२०/ झाओछिंग ते बीजिंग हा प्रवास रिचीला सतरा वर्षांहून अधिक काळ पुरला. १५८९ मध्ये झाओछिंग सोडावे लागले. मग शाओझोऊ, नानचांग, नानजिंग. १६०० मध्ये तो सम्राटासाठी नजराणा घेऊन उत्तरेला निघाला, तर मा तांग या बलाढ्य खोजाने त्याला महिनोन्‌महिने वाटेत अडकवून ठेवले. रिची सांगतो की एके दिवशी सम्राटालाच आठवण झाली: परदेशी लोक ती आपोआप वाजणारी घंटा आणणार होते, तिचे काय झाले? २४ जानेवारी १६०१ रोजी रिचीने बीजिंगमध्ये पाऊल ठेवले.

२१/ ‘आपोआप वाजणारी घंटा’ हेच यांत्रिक घड्याळाचे चिनी नाव. आपला ‘घड्याळ’ हा शब्दही या यंत्राहून जुना आहे. घटिकापात्र बुडाले की काशाच्या थाळीवर टोला पडे. ती थाळी म्हणजे घड्याळ. बाबरानेही आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातील घड्याळ वाजवणाऱ्यांचे वर्णन केले आहे. इंग्रजी ‘क्लॉक’च्या मुळाशीही घंटाच आहे. बहुतेक माणसांनी काळ डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ऐकला.

२२/ आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. सम्राटाने गणितविद्या जाणणारे चार खोजे नेमले आणि घड्याळ चालवणे तीन दिवसांत शिकून घेण्याची आज्ञा केली. रिची आणि त्याचा सहकारी पांतोहा यांनी त्यांना रात्रंदिवस शिकवले. प्रत्येक भागाला चिनी नाव द्यावे लागले. चुकले तर गाठ सम्राटाशी होती, म्हणून खोज्यांनी सारे बारकाईने लिहून घेतले. तंत्रज्ञानाचे हस्तांतर हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचे प्रत्यक्ष रूप म्हणजे हे तीन दिवस.

२३/ मोठ्या घड्याळाची वजने उतरायला राजवाड्यात पुरेशी उंच जागा नव्हती. त्यासाठी बागेत खास लाकडी मनोरा बांधण्यात आला. लहान घड्याळ सम्राट जवळच ठेवी. राजमातेने ते पाहायला मागितले, तेव्हा ते तिला आवडून तिच्याकडेच राहील या धास्तीने सम्राटाने त्याची वाजणारी कळ सैल करवून मग ते धाडले. न वाजणाऱ्या घंटेत तिला रस वाटला नाही आणि घड्याळ परत आले. ही हकिगतही रिचीनेच नोंदवली आहे.

२४/ विलक्षण गोष्ट अशी की सम्राट आणि रिची यांची भेट कधीच झाली नाही. वानलीने दरबारात येणे जवळजवळ सोडून दिले होते. हे परदेशी दिसतात कसे, हे पाहण्यासाठी त्याने चित्रकाराकडून त्यांची चित्रे काढवून घेतली. रिचीने साष्टांग नमन केले ते रिकाम्या सिंहासनासमोर.

२५/ मग त्याला बीजिंगमध्ये राहू कोणी दिले? विधी व शिष्टाचाराचे मंत्रालय त्याच्या विरोधात होते. परदेशी नजराणा आपल्यामार्फत न येता खोज्यांमार्फत आला, हा त्यांचा मुख्य आक्षेप. यथोचित भेटी देऊन या लोकांना परत पाठवावे, अशी विनंती त्यांनी पुन्हा पुन्हा केली. खोज्यांना मात्र ते नको होते. घड्याळ बिघडले तर दुरुस्त कोण करणार? रिचीच्या वृत्तांतानुसार घड्याळांच्या देखभालीसाठी वर्षातून चार वेळा आत येण्याची मुभा पाद्र्यांना मिळाली. सरकारी खजिन्यातून वेतनही सुरू झाले.

२६/ ११ मे १६१० रोजी रिची बीजिंगमध्येच वारला. त्याच्या दफनासाठी सम्राटाने जमीन दिली, हा परदेशी माणसासाठी असाधारण सन्मान होता. त्याचा वृत्तांत १६१५ मध्ये लॅटिनमध्ये छापला गेला तो आउग्सबुर्ग शहरात, म्हणजे जेथून राजदरबारांना घड्याळे जात त्याच शहरात. पुढे शांघायचे घड्याळजी रिचीला आपल्या व्यवसायाचा दैवी संरक्षक मानून पूजू लागले.

२७/ मिंग गेले, छिंग आले. घड्याळजीची गरज कायम राहिली. कांगशी सम्राटाच्या राजवाड्यात घड्याळांची कार्यशाळा चाले. स्वित्झर्लंडचा फ्रान्स स्टाडलिन हा जेझुइट घड्याळजी १७०७ मध्ये चीनला आला आणि १७४० मध्ये तेथेच वारला. १७९३ मध्ये इंग्रजांचा वकील मॅकार्टनी उंची यंत्रे घेऊन छियनलुंग सम्राटाकडे गेला, तेव्हा सम्राटाच्या उद्यानमहालांत आधीच इतकी घड्याळे व यंत्रे होती की आपल्या भेटी त्यांपुढे फिक्या पडतील, असे त्यानेच रोजनिशीत लिहिले.

२८/ मॅकार्टनीच्या भेटींनी दार उघडले नाही आणि रिचीच्या घड्याळांनी ते उघडले, या फरकाची कारणे अनेक आहेत. व्यापार आणि राजकारण त्यांत प्रमुख. पण एक कारण या धाग्याशी जुळते. १६०१ मध्ये घड्याळासाठी माणूस ठेवून घेणे भाग होते. १७९३ पर्यंत बीजिंगने आपले घड्याळजी तयार केले होते. वस्तूचे नवल ओसरले होते आणि विद्येचे परावलंबनही.

२९/ आता त्या गोव्याच्या कारागिराकडे पुन्हा एकदा पाहू. वांग पानचे नाव आहे, वानलीचे आहे, रिचीचे तर आहेच. ज्याने झाओछिंगमध्ये प्रत्यक्ष चाके कातली, त्याचा वर्ण नोंदवला गेला, प्रांत नोंदवला गेला; नाव नाही. त्याच्या हाताखालच्या दोन चिनी कारागिरांचेही नाही. एलिझाबेथच्या कड्यातले घड्याळ करणाराही त्याच पंक्तीत बसतो.

३०/ ही उणीव केवळ भावनिक नाही. नावे गळाली की इतिहासाची दिशाच बदलून दिसते. मग असे वाटू लागते की यंत्रविद्या युरोपच्या दरबारातून चीनच्या दरबारात, राजाकडून राजाकडे गेली. वास्तविक ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली: न्यूरेंबर्गच्या कुलूपवाल्यापासून गोव्याच्या कारागिरापर्यंत, आणि त्याच्याकडून झाओछिंगच्या दोन सहायकांपर्यंत. दरबारांनी पैसा दिला, प्रतिष्ठा दिली. काळ मात्र ज्याला किल्ली फिरवता येत होती त्याच्यामुळे चालला.

३१/ धागा येथे पूर्ण होतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील गोव्याच्या धातुकाम करणाऱ्या कारागिरांविषयी वाचकांपैकी कोणाकडे माहिती, घराण्यातील कागदपत्रे किंवा आठवणी असतील, तर उत्तरात अवश्य लिहाव्यात. पुढील धागा घटिकापात्राविषयी: पाण्यात बुडणाऱ्या त्या लहानशा वाटीने आपल्याकडे शतकानुशतके मुहूर्त कसे साधले, त्याविषयी.